बिल्डरने काम निकृष्ट किंवा अर्धवट केल्यास पैसे परत कसे मिळवावेत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती प्रामुख्याने महाराष्ट्रात घर घेतलेल्या किंवा बांधून घेतलेल्या ग्राहकांसाठी आहे. गोव्यातही गृहप्रकल्पांचे नियमन करणारा रेराचा कायदा तोच आहे, मात्र तेथील प्राधिकरण आणि नियम स्वतंत्र आहेत. आपल्या बाजूने आदेश मिळणे आणि आदेशातील रक्कम प्रत्यक्ष खात्यात जमा होणे यांमध्ये बरेच अंतर असते, आणि ते कमी करायचे असेल तर वसुलीचा विचार पहिल्या नोटिशीपासूनच करावा लागतो. पुढील बहुतेक उत्तरे हा मुद्दा समोर ठेवून लिहिली आहेत.

करारातील तारखेला ताबा मिळाला नाही. भरलेली सर्व रक्कम परत मागता येते का?

होय. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, 2016 म्हणजे रेरा कायद्याच्या कलम 18 नुसार करारात ठरलेल्या तारखेपर्यंत प्रवर्तकाने, म्हणजे बिल्डरने, ताबा दिला नाही तर खरेदीदाराला प्रकल्पातून बाहेर पडून संपूर्ण रक्कम व्याजासह परत मागता येते. हा हक्क विनाशर्त आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2021 मध्ये न्यूटेक प्रमोटर्स प्रकरणात स्पष्ट केले. बिल्डरची अडचण खरी होती की बनावट, याच्याशी या हक्काचा संबंध नाही.

प्रकल्पात राहायचे असेल तर ताबा मिळेपर्यंत विलंबाच्या प्रत्येक महिन्याचे व्याज मागता येते. महाराष्ट्राच्या नियमांनुसार स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआर दरात (निधीच्या खर्चावर आधारित कर्जदरात) 2 टक्के मिळवून व्याजाचा दर काढतात. समजा तो दर 11 टक्के धरला आणि आपण 60 लाख रुपये भरलेले असले, तर वर्षाचे व्याज 6 लाख 60 हजार आणि महिन्याचे 55 हजार रुपये होते. तडजोडीच्या बैठकीला जाण्यापूर्वी हा हिशेब कागदावर मांडून ठेवावा, कारण बिल्डरने देऊ केलेली ‘सवलत’ कायद्याने मिळणाऱ्या व्याजापेक्षा कितीतरी कमी असल्याचे पुष्कळदा तेव्हाच लक्षात येते.

मग पैसे परत घ्यावेत की घर ठेवून व्याज घ्यावे?

हा निर्णय प्रत्यक्ष साइट पाहिल्याशिवाय घेऊ नये. इमारतीचा सांगाडा पूर्ण झाला असेल, काम सुरू असेल आणि राहिलेले काम दारे-खिडक्या, लिफ्ट, रंगकाम एवढेच असेल, तर घर ठेवून व्याज मागणे बहुधा हिताचे ठरते, कारण परत मिळालेल्या पैशात त्याच भागात तेवढे घर पुन्हा मिळेलच असे नाही. काम कित्येक महिने बंद असेल, साइटवर मजूर नसतील आणि महारेराच्या, म्हणजे महाराष्ट्राच्या रेरा प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाची तिमाही माहिती भरणेही थांबलेले असेल, तर परताव्याची मागणी लांबवणे धोक्याचे आहे. अशा बिल्डरकडे उरलेली मालमत्ता दर महिन्याला कमी होत जाते आणि उशिरा येणाऱ्या तक्रारदारासाठी वसूल करण्याजोगे फारसे शिल्लक राहत नाही.

येथे एक खबरदारी अत्यावश्यक आहे. ‘वैयक्तिक कारणामुळे बुकिंग रद्द करत आहे’ असे पत्र बिल्डरच्या कार्यालयात बसून, त्यांच्या नमुन्यावर, कधीही लिहून देऊ नये. अशा पत्रामुळे रद्द करणारा पक्ष आपण ठरता आणि बिल्डर त्याच्या आधारे रक्कम कापून घेऊ पाहतो. आपल्या पत्रात ताब्याची तारीख, झालेला विलंब आणि कलम 18 यांचा स्पष्ट उल्लेख असावा.

बिल्डरने महारेराकडे पुढची तारीख नोंदवली आहे. विलंब कोणत्या तारखेपासून मोजायचा?

करारनाम्यातील तारखेपासून. प्रकल्पाची नोंदणी करताना बिल्डरने नवी तारीख जाहीर केली म्हणून खरेदीदाराशी झालेला करार बदलत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये नीलकमल रिअल्टर्स प्रकरणात म्हटले आहे. करारात तारीखच नसेल तरी बिल्डरला अमर्याद मुदत मिळत नाही. मुंबईतील एका प्रकल्पाविषयीच्या फॉर्च्यून इन्फ्रास्ट्रक्चर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये अशा परिस्थितीत तीन वर्षांचा काळ वाजवी धरला होता.

बिल्डर वाळूची टंचाई, मजुरांची कमतरता, परवानगीतील दिरंगाई अशी कारणे सांगतो. ती मान्य होतात का?

नोंदणीची मुदत वाढवण्यासाठी कायद्याने दैवी आपत्ती म्हणून मानलेली कारणे मोजकी आहेत : युद्ध, पूर, दुष्काळ, आग, चक्रीवादळ, भूकंप किंवा प्रकल्पाला बाधा आणणारे अन्य नैसर्गिक संकट. करोनाच्या काळात प्रकल्पांना मुदतवाढ देण्यात आली होती, त्यामुळे तेवढा काळ बिल्डर वगळून मागतो. निधीची चणचण, भागीदारांमधील वाद किंवा ठेकेदार सोडून गेला ही बिल्डरच्या व्यवसायातील जोखीम आहे आणि तिचा भार खरेदीदारावर पडता कामा नये.

ताबा घेतल्यानंतर भिंतींना ओल आली, प्लास्टर सुटले, गच्ची गळते. आता काय करता येईल?

कलम 14(3) नुसार ताब्याच्या तारखेपासून पाच वर्षांच्या आत इमारतीच्या रचनेत, कामाच्या दर्जात किंवा पुरवलेल्या सुविधांत दोष आढळला आणि तो बिल्डरच्या निदर्शनास आणून दिला, तर त्याने 30 दिवसांच्या आत कोणतेही शुल्क न घेता तो दुरुस्त करावयाचा असतो. तसे न केल्यास नुकसानभरपाई मागता येते. पाच वर्षांच्या आत दोष ‘दिसणे’ पुरेसे नाही, तो लेखी ‘कळवलेला’ असला पाहिजे. सुपरवायझरला फोनवर सांगितले, व्हॉट्सअॅपच्या गटात फोटो टाकले, त्याने माणूस पाठवून पुट्टी मारून दिली, या फेऱ्यांत दोन-तीन पावसाळे निघून जातात आणि लेखी पुरावा काहीच उरत नाही. म्हणून पहिला ओला डाग दिसताच बिल्डरच्या नोंदणीकृत पत्त्यावर पोचपावतीसह पत्र आणि त्याच मजकुराचा ईमेल पाठवावा.

दोष नेमका कशामुळे आहे, हा वादाचा खरा मुद्दा असतो. बिल्डर हमखास म्हणतो की आपण न्हाणीघराच्या टाइल्स बदलल्या, ग्रिल बसवताना भिंतीला छिद्रे पाडली, वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याने नळ हलवला, म्हणून गळती झाली. त्याला उत्तर देऊ शकतो तो स्वतंत्र स्थापत्य अभियंत्याचा अहवाल. अहवालात दोषाचे ठिकाण, त्याचे कारण, तारखेसह छायाचित्रे, दुरुस्तीची पद्धत आणि खर्चाचा बाबवार अंदाज असावा. ‘काम निकृष्ट आहे’ एवढेच लिहिलेल्या अहवालाचा उपयोग नाही, तर ‘गच्चीवरील वॉटरप्रूफिंगचा उतार चुकीचा असल्याने पाणी पावसाळी पाइपांपर्यंत न जाता साचते’ असे लिहिलेला अहवाल बिल्डरला खोडून काढणे कठीण जाते. पाहणीची तारीख बिल्डरला आधी कळवावी आणि हजर राहण्यास सांगावे. तो आला नाही, तरी त्याला संधी दिल्याची नोंद राहते.

दुरुस्ती तातडीची असेल तर ती करून घेण्यास हरकत नाही, पण आधी अहवाल व छायाचित्रे, नंतर काम, आणि प्रत्येक खर्चाचे रीतसर बिल, हा क्रम सोडू नये. गच्ची, बाहेरील भिंती, लिफ्ट, पाण्याची टाकी अशा सामाईक भागांतील दोषांसाठी सोसायटीने ठराव करून तक्रार करणे अधिक परिणामकारक ठरते.

भोगवटा प्रमाणपत्र नसताना ताबा घेतला. हक्क गमावला का?

नाही. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरास योग्य असल्याचा दाखला, मिळवून देणे हे बिल्डरचे कायदेशीर कर्तव्य आहे. मुंबईतील समृद्धी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2022 मध्ये निर्णय दिला की हे प्रमाणपत्र न देणे ही सेवेतील त्रुटी असून ती प्रमाणपत्र मिळेपर्यंत दररोज सुरू राहणारी चूक आहे. म्हणून अशा बाबतीत मुदत उलटून गेल्याचा बचाव टिकत नाही. त्या संस्थेला प्रमाणपत्राअभावी वाढीव दराने मालमत्ता कर आणि पाणीपट्टी भरावी लागत होती. आपली सोसायटीही तसा भुर्दंड सोसत असेल तर प्रत्येक वर्षाची देयके जपून ठेवावीत, कारण भरपाईचा आकडा त्यांवरूनच ठरेल.

महारेराकडे जावे की ग्राहक आयोगाकडे?

दोन्ही मार्ग खुले आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये इम्पेरिया स्ट्रक्चर्स प्रकरणात मान्य केले आहे. मात्र एकाच मागणीसाठी दोन्हीकडे एकाच वेळी जाता येत नाही, त्यामुळे निवड विचारपूर्वक करावी.

नोंदणीकृत प्रकल्पात ताबा रखडला असेल आणि परतावा किंवा विलंबाचे व्याज हवे असेल, तर महारेरा हा अधिक सरळ मार्ग आहे, कारण व्याजाचा दर नियमाने ठरलेला आहे आणि वसुली जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे होते. तक्रार ऑनलाइन दाखल होते आणि तिचे शुल्क 5,000 रुपये आहे. परतावा व व्याज यांचा आदेश प्राधिकरण देते, तर नुकसानभरपाई ठरवण्याचा अधिकार कलम 71 खालील न्यायनिर्णय अधिकाऱ्याला आहे. या दोहोंसाठीचे अर्ज वेगळे आहेत आणि चुकीचा अर्ज भरल्यास तक्रारीला नाहक विलंब होतो. दोन्ही पक्ष तयार असतील तर महारेराच्या सलोखा मंचापुढे ग्राहक संघटना आणि विकासक संघटना यांच्या प्रतिनिधींच्या मध्यस्थीने तोडगा काढता येतो. बिल्डरचा व्यवसाय चालू असेल आणि वाद रकमेपुरता असेल, तर हा मार्ग वेळ वाचवतो.

प्रकल्प 500 चौरस मीटरपेक्षा लहान भूखंडावर असेल किंवा त्यात आठपेक्षा जास्त सदनिका नसतील, तर रेराची नोंदणी सक्तीची नसते. अशा वेळी, तसेच निकृष्ट कामाबद्दल भरपाई आणि मानसिक त्रासाचा मोबदला एकत्र मागायचा असेल तेव्हा, ग्राहक आयोग योग्य ठरतो. 50 लाख रुपयांपर्यंत मोबदला दिलेला असेल तर जिल्हा आयोग, त्यापुढे 2 कोटींपर्यंत राज्य आयोग आणि त्याहून अधिक असल्यास राष्ट्रीय आयोग अशी विभागणी आहे. आपण राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत मात्र काटेकोरपणे पाळावी.

करारात लवादाची अट असली तरी ग्राहक आयोगाचा मार्ग बंद होत नाही.

तक्रार कोणाकोणाविरुद्ध करावी?

या प्रश्नाकडे फार कमी लक्ष दिले जाते आणि वसुलीच्या वेळी त्याची किंमत मोजावी लागते. पुष्कळ बिल्डर प्रत्येक प्रकल्पासाठी वेगळी कंपनी किंवा भागीदारी संस्था काढतात, आणि प्रकल्प संपला की त्या संस्थेच्या नावावर काहीच उरत नाही. करारावर सही करणारी संस्था, पावत्या देणारी संस्था आणि महारेराच्या नोंदीतील प्रवर्तक एकच आहेत का, हे पडताळून पाहावे. विक्रीत किंवा बांधलेल्या क्षेत्रात वाटा असलेला जमीनमालक सहप्रवर्तक म्हणून नोंदलेला असेल तर त्यालाही प्रतिवादी करावे. भागीदारी संस्था असेल तर भागीदारांची नावे घालावीत, कारण संस्थेच्या देण्यासाठी ते व्यक्तिशः जबाबदार असतात. मर्यादित कंपनीच्या संचालकांबाबत साधारणपणे तसे नसते.

स्वतःच्या प्लॉटवर बंगला बांधायला दिला होता. ठेकेदार पैसे घेऊन काम अर्धवट सोडून गेला. रेरा लागू होतो का?

नाही. आपण जमिनीचे मालक आहात आणि ठेकेदार आपल्याला घर विकत नाही. फ्लॅटच्या नूतनीकरणाचेही तसेच. तरीही घरबांधणी ही ग्राहक कायद्यातील ‘सेवा’ आहे. 1993 मधील लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते निःसंदिग्ध केले आहे. त्यामुळे ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांत तक्रार किंवा दिवाणी न्यायालयात तीन वर्षांत दावा, हे मार्ग उपलब्ध आहेत.

अशा प्रकरणांतील अडचण पुराव्याची असते. काम चौरस फुटाच्या दरावर तोंडी ठरलेले असते, रक्कम काही रोखीने तर काही ऑनलाइन गेलेली असते आणि कोणत्या टप्प्यासाठी किती दिले हे कोठेच लिहिलेले नसते. तरी घाबरून जाऊ नये. लेखी करार नसला तरी कोटेशन, बँकेचे उतारे, व्हॉट्सअॅपवरील संभाषण, साहित्याच्या दुकानाची बिले आणि मंजूर नकाशा यांतून व्यवहार उभा करता येतो. ठेकेदाराने काम सोडल्यावर लगेच दुसऱ्याला कामाला लावू नये. आधी अभियंत्याकडून झालेल्या कामाचे मोजमाप करून घ्यावे, म्हणजे पाया, कॉलम, स्लॅब, वीटकाम, प्लास्टर यांपैकी किती काम झाले, बाजारभावाने त्याचे मूल्य किती, त्यातले किती पाडून पुन्हा करावे लागेल आणि उरलेल्या कामाला किती खर्च येईल. समजा आपण 18 लाख रुपये दिले, झालेल्या कामाचे मूल्य 11 लाख भरले आणि त्यातले 2 लाखांचे काम पाडावे लागणार असेल, तर 9 लाखांची मागणी आकड्यानिशी उभी राहते. पाडण्याचा खर्च आणि उरलेल्या कामाचा ठरलेल्या दरापेक्षा जास्त लागणारा खर्चही भारतीय करार अधिनियमाच्या कलम 73 खाली मागता येतो, मात्र तो वाजवी असावा. नव्या ठेकेदाराकडून अधिक उंची साहित्य वापरून घेतले, तर तो वाढीव भार जुन्यावर टाकता येणार नाही.

दावा दाखल झाल्यानंतर स्थळ पाहणीसाठी न्यायालयाकडून कोर्ट कमिशनर नेमून घेण्याची विनंती करता येते. कमिशनरचा अहवाल स्वतः नेमलेल्या अभियंत्याच्या अहवालापेक्षा वजनदार ठरतो.

बिल्डरने परताव्याचा धनादेश दिला, पण तो वटला नाही.

येथे मुदती फार कमी आहेत. बँकेकडून धनादेश परत आल्याचे कळल्यापासून 30 दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत रक्कम न मिळाल्यास त्यापुढील एका महिन्याच्या आत दंडाधिकाऱ्यांकडे परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम 138 खाली तक्रार दाखल करावी लागते. ‘पुढच्या आठवड्यात पुन्हा भरा’ या आश्वासनावर थांबताना धनादेशाची तीन महिन्यांची वैधता संपत नाही ना, हे पाहावे. पुढच्या तारखांचे धनादेश स्वीकारताना ते मूळ मागणी सोडून दिल्याच्या बदल्यात नाहीत, असे तडजोडीच्या कागदावर नमूद करून घ्यावे.

पोलिसांत तक्रार केल्यास पैसे लवकर मिळतात का?

एकच सदनिका दोघांना विकणे, खोटी परवानगी दाखवणे, एका प्रकल्पाचे पैसे दुसरीकडे वळवणे अशा फसवणुकीच्या घटनांत फौजदारी तक्रार अवश्य करावी. 1 जुलै 2024 पासून घडलेल्या कृत्यांना भारतीय न्याय संहिता लागू होते, त्याआधीच्यांना भारतीय दंड संहिता. केवळ विलंब किंवा निकृष्ट काम हा मात्र बहुधा दिवाणी स्वरूपाचा वाद मानला जातो. पोलीस वसुली करणारी यंत्रणा नव्हेत. गुन्हा नोंदवला म्हणून महारेरा किंवा आयोगाकडील तक्रार थांबवू नये, कारण त्या मुदती चालूच राहतात.

आदेश आपल्या बाजूने लागला, पण बिल्डर पैसे देत नाही. पुढे काय?

सर्वात जास्त ग्राहक येथेच थकतात. आदेशातील मुदत संपताच आदेशाचे पालन न झाल्याचा अर्ज महारेराकडे करावा. त्यानंतर कलम 40(1) खाली वसुलीचे वॉरंट निघते आणि ते जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवले जाते. तेथून ते तहसीलदारांकडे जाते आणि जमीन महसुलाची थकबाकी वसूल करण्याच्या पद्धतीने मागणीची नोटीस, जप्ती आणि लिलाव होतो.

वॉरंट निघाले म्हणजे काम झाले, असे समजू नये. तहसील कार्यालयाकडे इतर कामांचा मोठा भार असतो, आणि बिल्डरची मालमत्ता कोठे आहे हे शोधून काढण्याइतका वेळ तेथे क्वचितच असतो. ती माहिती आपणच पुरवावी. महारेराच्या संकेतस्थळावरील प्रकल्पाच्या पानावरून न विकलेल्या सदनिकांचा अंदाज येतो, सातबारा किंवा मालमत्ता पत्रकावरून जमिनीची मालकी कळते, नोंदणी विभागाच्या ऑनलाइन सेवेत दस्तांचा शोध घेता येतो आणि कंपनी असेल तर तिच्यावरील कर्जाच्या बोज्यांची नोंद कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मिळते. सर्व्हे क्रमांक, सदनिका क्रमांक आणि बँक खात्याचा तपशील यांसह लेखी अर्ज दिला, तर जप्तीचा आदेश काढणे अधिकाऱ्याला सोपे जाते. मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर तेथील जिल्हाधिकाऱ्यांकडे वॉरंट पाठवण्याची मागणी करावी. अर्जाची पोच घ्यावी, ठरावीक अंतराने स्मरणपत्र द्यावे, आणि तरीही हालचाल नसेल तर उच्च न्यायालयात रिट याचिकेचा मार्ग आहे. एकाच प्रकल्पातील अनेक वॉरंटधारकांनी मिळून पाठपुरावा केल्यास खर्च विभागतो आणि कार्यालयही दखल घेते.

ग्राहक आयोगाच्या आदेशाची अंमलबजावणी दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याप्रमाणे होते. शिवाय आदेश न पाळणाऱ्यास ग्राहक कायद्याच्या कलम 72 खाली एक महिना ते तीन वर्षे कैद किंवा किमान 25 हजार रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. अटकेच्या शक्यतेमुळे थकलेली रक्कम भरली जाते, असे अनेक प्रकरणांत दिसते.

बिल्डरने अपील केले आहे. रक्कम अडकून पडेल का?

महारेराच्या आदेशाविरुद्ध अपिलीय न्यायाधिकरणात जाताना बिल्डरला खरेदीदाराला देय असलेली संपूर्ण रक्कम व्याज व भरपाईसह आधी जमा करावी लागते. कलम 43(5) मधील ही तरतूद ग्राहकासाठी फार मोलाची आहे. रक्कम जमा झाली नसेल तर अपील सुनावणीला घेण्यासच हरकत नोंदवावी.

बिल्डर कंपनी दिवाळखोरीत गेली तर?

राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने अर्ज दाखल करून घेतला की स्थगिती लागू होते आणि त्या कंपनीविरुद्धची इतर वसुली थांबते. मग वॉरंट हातात असले तरी जाहीर सूचनेतील मुदतीत समाधान व्यावसायिकाकडे, म्हणजे दिवाळखोरीची प्रक्रिया चालवणाऱ्याकडे, फॉर्म सीए भरून दावा दाखल करणे भाग असते. गृहखरेदीदारांना 2018 पासून वित्तीय धनकोचा, म्हणजे कंपनीला कर्ज देणाऱ्यासारखा, दर्जा आहे आणि रेराचा आदेश मिळवलेला खरेदीदारही त्या दर्जाला मुकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये सांगितले. स्वतःहून अशी कार्यवाही सुरू करायची असेल तर त्याच प्रकल्पातील किमान 100 किंवा एकूण खरेदीदारांच्या 10 टक्के, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके अर्जदार लागतात. केवळ आपली रक्कम वसूल करण्यासाठी हे पाऊल उचलू नये. त्याने कंपनीचे नियंत्रण जाते, तोडगा निघण्यास वर्षे लागू शकतात आणि परतावा पूर्ण मिळण्याची खात्री राहत नाही.

दरम्यान गृहकर्जाचे हप्ते थांबवता येतात का? मुद्रांक शुल्काचे काय?

हप्ते थांबवू नयेत. बँकेशी झालेला करार स्वतंत्र असतो आणि हप्ता चुकल्याचा परिणाम आपल्या पतनोंदीवर होतो. परतावा मागताना कर्जावर भरलेल्या व्याजाचा तपशीलही भरपाईच्या अर्जात मांडावा. परताव्यातून बँकेचे कर्ज आधी फेडले जाईल, हे गृहीत धरावे. करार नोंदणीकृत दस्ताने रद्द झाल्यास मुद्रांक शुल्काच्या परताव्यासाठी महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाखाली अर्ज करता येतो. त्यालाही मुदत आहे, म्हणून रद्द करण्याचा दस्त नोंदवल्याबरोबर अर्ज करावा. महारेराच्या आदेशात हा दस्त करून देण्याचे निर्देश बिल्डरला द्यावेत, अशी मागणी तक्रारीतच असावी.

परदेशात राहणाऱ्यांना यासाठी भारतात यावे लागते का?

बहुतेक टप्प्यांवर नाही. महारेराची तक्रार ऑनलाइन दाखल होते आणि सुनावणीला व्हिडिओद्वारे हजर राहता येते. दस्त रद्द करणे आणि तहसील कार्यालयातील पाठपुरावा यांसाठी विश्वासू नातेवाइकाच्या नावे मुखत्यारपत्र करावे. ते त्या देशातील भारतीय वकिलातीत साक्षांकित करून भारतात आल्यावर तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे. मुखत्यारपत्रात पैसे स्वीकारण्याचा अधिकार द्यायचा नसेल तर तसे स्पष्ट लिहावे आणि परताव्याची रक्कम आपल्याच बँक खात्यात जमा व्हावी, अशी मागणी तक्रारीत खात्याच्या तपशिलासह करावी.